विष मारणारं एन्झाइम गाठीत कशाला?

प्रश्न : आईच्या मोठ्या आतड्यातली गाठ ऑपरेशन करून काढली. तिच्या संमतीने गाठीचा एक तुकडा संशोधनासाठीही दिला होता. तिथली संशोधक मुलगी बोलता बोलता म्हणाली, की विषारी पदार्थ निकामी करणारं 'जीएसटी-पाय' नावाचं एन्झाइम शेजारच्या निरोगी भागापेक्षा गाठीतच जास्त आहे. मग कॅन्सर झालाच कसा? आता केमो सुरू होईल. 'डिटॉक्स' वाढवणारी पावडर आईला द्यावी, असं घरात सगळ्यांचं म्हणणं आहे.

उत्तर : पावडरीचं आधी सांगून टाकते. नको. का नको, ते ओघात येईलच.

माझी उमेदीची वर्षं पॅथॉलॉजीत, आतड्याचे काप बघण्यात गेली, त्यामुळे त्या मुलीने काय पाहिलं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. गाठीच्या कडेचा काप घेऊन त्यावर जीएसटी-पायचा रंग चढवला, की जिथे एन्झाइम आहे तिथे तपकिरी उमटतं. काचेच्या एका बाजूला निरोगी ग्रंथी, सरळ रांगेत, फिकट तपकिरी. दुसऱ्या बाजूला गाठीच्या ग्रंथी, वेड्यावाकड्या, एकमेकींत घुसलेल्या आणि बहुतेक वेळा चांगल्याच गडद.

पण ही काच ऑपरेशनच्या दिवसाची आहे. कॅन्सरची सुरुवात त्याच्या कितीतरी वर्षं आधी होते. त्या वेळी त्या पेशीत एन्झाइम किती होतं, हे आजचा काप सांगू शकत नाही. 'एन्झाइम असूनही कॅन्सर झाला' असा अर्थ त्यातून काढता येत नाही. गाठ वाढताना तिने ते वाढवून घेतलं, हे जास्त संभवतं.

का वाढवलं असेल? जीएसटी हे एन्झाइमांचं कुटुंब, जीएसटी-पाय त्यातलंच एक. या कुटुंबाचं मुख्य काम एकच. पेशीत शिरलेल्या, डीएनएला चिकटू पाहणाऱ्या रेणूला ते ग्लुटाथायोन हा पेशीतलाच छोटा रेणू जोडून देतं. रेणूची खोड मोडते, तो पाण्यात विरघळतो आणि पेशीच्या आवरणातले पंप त्याला बाहेर टाकतात. निरोगी अस्तरात हे आपल्या फायद्याचं. लहान आतड्यात जीएसटी भरपूर असतं, मोठ्या आतड्यात बरंच कमी. आणि सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात कॅन्सर क्वचित, तर दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात नेहमीचा. (सगळं श्रेय जीएसटीला देऊ नका. लहान आतड्यातून अन्न लवकर पुढे सरकतं, तिथे जिवाणूही कमी असतात.)

मात्र एन्झाइम हा भाडोत्री पहारेकरी आहे. ज्या पेशीत राहील तिची राखण करेल, मग ती कॅन्सरची का असेना. शिवाय जीएसटी-पायला एक जोडधंदा आहे: पेशीला मरणाकडे नेणाऱ्या जेएनके या प्रथिनाला ते धरून ठेवतं. गाठीला आणखी काय हवं?

आता पावडर. १९९२मध्ये औषधशास्त्रज्ञ पॉल टॅलले यांच्या गटाने ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं केलं, तेव्हापासून 'डिटॉक्स एन्झाइम वाढवा' या कल्पनेला बळ आलं. सल्फोराफेन पेशीतलं एनआरएफ-२ हे बटण दाबतं आणि जीएसटीसारखी बरीच एन्झाइम एकदम वाढतात. पण अन्ननलिकेच्या स्क्वॅमस (चपट्या पेशींच्या अस्तरातून होणाऱ्या) कॅन्सरपैकी काही गाठींत हेच बटण जनुकीय बिघाडामुळे कायमचं दाबलेलं सापडतं, आणि अशा पेशी उपचारांना सहज दाद देत नाहीत. त्या डब्यात नक्की काय आहे, मला माहीत नाही. पण केमो चालू असताना पेशींची राखण वाढवायची, तर ती फक्त चांगल्याच पेशींची वाढेल हे कोण बघणार? भाजी ताटात असू दे, डबा नको.

त्यापेक्षा डॉक्टरांना दोन एन्झाइमांबद्दल विचारा. फाइव्ह-एफयू किंवा कॅपेसिटाबिन ही केमोची औषधं द्यायची असतील तर डीपीडी. फाइव्ह-एफयूचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग हेच एन्झाइम मोडतं, मुख्यतः यकृतात. ते जन्मतः कमी असेल तर नेहमीचा डोसही जिवावर बेतू शकतो. युरोपच्या औषध नियामकाने २०२०मध्ये उपचाराआधीच ही तपासणी करण्याची शिफारस केली. इरिनोटेकॅन हे केमोचं दुसरं औषध द्यायचं असेल तर यूजीटी-१ए-१. 'गिल्बर्ट' या जन्मजात, एरवी निरुपद्रवी दोषामुळे आईचं बिलिरुबिन अधूनमधून थोडं वाढत असेल, तर ते आवर्जून सांगा. त्यात हेच एन्झाइम मंद असतं, आणि इरिनोटेकॅनचं सक्रिय रूप शरीरात रेंगाळतं. गाठीतल्या जीएसटीवरून मात्र आज औषध ठरत नाही. संशोधनासाठी ते मोलाचं आहे, आईच्या फाइलमध्ये त्याला जागा नाही.

प्रश्न : थोड्याशा दारूनेही माझा चेहरा लालबुंद होतो. मित्राने आधी अ‍ॅसिडिटीची गोळी घ्यायला सांगितली. लाली खरंच कमी झाली. चालेल ना?

उत्तर : अजिबात नाही. अशा लालीमागे बरेचदा एएलडीएच-२ हे मंद एन्झाइम असतं, विशेषतः पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत. दारूपासून शरीरात बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन मोडण्याचं काम त्याचं. ते मंद असूनही पीत राहणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. गोळीने लाली दबते, अ‍ॅसिटाल्डिहाइड तिथेच राहतं. गोळी नव्हे, दारू सोडा.