जुन्या पापाचा हिशोब देव आता चुकता करतोय का?

सलाम भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. जुनं पाप कबूल केलं, सोडलं, आणि तरी नंतर नोकरी गेली, मुलगी आजारी पडली, वर प्रार्थना ग्रुपमधले एकजण म्हणाले की देव जुना हिशोब चुकता करतोय. आधी एक सरळ सांगतो, चुकता करायला काही शिल्लकच नाहीये. तो दंड वधस्तंभावर भरून झालाय, म्हणून तर बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (८:१) प्रेषित पौल म्हणतो की ख्रिस्त येशूत असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही. एकाच गुन्ह्याचा दंड एकदा पुत्राकडून आणि परत तुमच्याकडून वसूल केला तर त्याला न्याय कोण म्हणेल?

आता शिस्तीचं. इब्री १२:६ सगळ्यांना पाठ असतं, ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्याला शिक्षा करतो (म्हणजे बाप मुलाला लावतो तशी शिस्त), पण ते पत्र कुणाला लिहिलंय हे फार कुणी बघत नाही. १०:३४ वाचा, त्या लोकांची मालमत्ता लुटली गेली होती, ती सुद्धा पाप केलं म्हणून नाही तर विश्वास धरला म्हणून! आणि त्याच त्रासाला लेखक बापाची शिस्त म्हणतो. म्हणजे शिस्त आली की मागे एखादं पाप असणारच, हे गणित त्या अध्यायातच बसत नाही. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, येशू म्हणाला कुणाचंच नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरुज कोसळून १८ जण मेले, ते बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते का, तर नाही (पण पश्चात्ताप तुम्ही सगळ्यांनीच करा हेही तिथेच सांगितलंय).

दुसरी बाजू लपवणार नाही. १ करिंथ ११ मध्ये पौल स्पष्ट म्हणतो की तुमच्यातले बरेच दुर्बळ आणि आजारी आहेत, काही मेलेत, आणि कारण प्रभुभोजनातलं, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून मंडळी एकत्र घेते त्या भाकर-द्राक्षारसाच्या वेळचं, वागणं. पण बघा, तिथे पाप कुठलं ते नाव घेऊन सांगितलंय, काहीजण आधीच खाऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, आणि ३२ व्या वचनात हेतूही दिलाय, जगाबरोबर दोषी ठरू नये म्हणून ही शिस्त. दावीद राजाकडे पण नाथान संदेष्टा आला तो थेट बथशेबाशी केलेला व्यभिचार आणि तिचा नवरा उरीया याला मारवल्याचं प्रकरण घेऊन, आजारपण पाठवून ओळख बघू काय चुकलं असं देवाने केलं नाही. पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस, हे सांगितलं आणि तरीही त्या संबंधातून झालेलं बाळ गेलं, सातव्या दिवशी. हा भाग मला आजही जड जातो, त्याचं गुळगुळीत उत्तर कुणी देत असेल तर मी ऐकून घेतो फक्त. पण पुढे त्याच दोघांना शलमोन झाला तेव्हा तोच नाथान परत आला, बाळासाठी यदीद्या म्हणजे परमेश्वराला प्रिय हे नाव घेऊन. क्षमा झाली म्हणून परिणाम पुसले जात नाहीत, पण परिणाम राहिले म्हणून क्षमा खोटी ठरत नाही.

तुमच्या बाबतीत मी एवढंच बघेन, पवित्र आत्मा एखादी ठरावीक गोष्ट दाखवतोय का जी आज बदलता येईल? कुणाचे पैसे द्यायचेत, कुणाची माफी मागायची राहिलीय? असेल तर करून टाका. आणि नुसतंच मोघम ओझं असेल, तू वाईट आहेस, आता भोग, करायला काहीच नाही, तर ते बापाकडून आलंय असं मी मानत नाही. मुलीला डॉक्टरकडे नेणं, दुसरी नोकरी शोधणं यात देवाच्या शिस्तीला विरोध वगैरे काही होत नाही. एक आणखी, कारण इथे बरेचजण वाचतात: घरात कुणी मारहाण करत असेल तर ती देवाची शिस्त समजून सोसू नका, तिथून बाहेर पडा आणि मदत घ्या.

ग्रुपमधल्या त्या भावांना ईयोब ४२:७ उघडायला सांगा, ईयोबाचं दुःख त्याच्या पापामुळेच आहे असं म्हणणाऱ्या अलीफज आणि त्याच्या दोन मित्रांवर देवाचा राग का भडकला ते तिथे आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करायला शेवटी ईयोबालाच लावलंय, तेव्हा तुम्हीही यांच्यासाठी करा, सल्ला मात्र घेऊ नका.