चार गिऱ्हाईकं, एक लॅपटॉप: अकाउंट्सची सरमिसळ कशी थांबवायची

ताई, तुमचा प्रश्न वाचला. महाद्वार रोडवरचं चप्पल दुकान, राजारामपुरीतली मिसळ, गल्लीतली तालीम आणि मावसभावाचा क्लास, अशी चौघांची अकाउंट्स तुम्ही एकाच मोबाईलवरून चालवत होता. गेल्या आठवड्यात तालमीच्या रक्तदान शिबिराची पोस्ट मिसळीच्या पेजवर पडली आणि मालकांचं बोलणं खावं लागलं. आता लॅपटॉप घेतलाय, तर ब्राउझरमधून हे सगळं कसं लावायचं आणि इन्कॉग्निटोवर, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीवर, भागेल का, असं विचारलंय. मी कोल्हापुरात 2016 पासून हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी इन्कॉग्निटोचं. त्यानं भागत नाही. आपण एखाद्या साइटवर लॉग-इन केलं की ती साइट ब्राउझरजवळ एक छोटी खूण ठेवते, तिला कुकी म्हणतात. 1994 साली नेटस्केपमधल्या लू माँटुली या इंजिनिअरनं ही सोय काढली, ऑनलाइन दुकानाला गिऱ्हाईकाच्या पिशवीत काय काय आहे ते लक्षात राहावं म्हणून. आज इन्स्टाग्राम तुम्हाला ओळखतं तेही अशाच खुणेवरून. नेहमीच्या ब्राउझरमध्ये या खुणांचा डबा एकच असतो, म्हणून सगळ्यांची अकाउंट्स एकमेकांत मिसळतात. इन्कॉग्निटो म्हणजे फक्त दुसरा, तात्पुरता डबा. तुम्ही इन्कॉग्निटोच्या तीन खिडक्या उघडल्या तरी तिन्हींचा डबा एकच, आणि शेवटची खिडकी मिटली की तो रिकामा. दुसऱ्या दिवशी पुन्हा लॉग-इन आलंच. रोज नव्यानं कोणीतरी लॉग-इन करतंय असं दिसलं की साइटला संशय येतो, ती ओटीपी मागते. ओटीपी जातो मालकांच्या फोनवर, आणि ते त्या वेळी मिसळीचा कट करत असतात.

त्यापेक्षा प्रत्येक गिऱ्हाईकाचं वेगळं प्रोफाइल करा. क्रोममध्ये उजवीकडे वर जे गोल चित्र असतं तिथून नवीन प्रोफाइल जोडता येतं. ते गूगल खात्यानं साइन-इन करायला सुचवेल, पण खात्याशिवायही पुढं जाता येतं. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही अशीच सोय आहे. प्रोफाइल वेगळं म्हणजे कुकी, पासवर्ड, बुकमार्क, हिस्टरी, एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायची छोटी ॲप), सगळंच वेगळं. मग प्रत्येकाला रंग द्या. माझ्याकडे चप्पल दुकान तपकिरी, हॉटेल लाल, तालीम भगवी आणि क्लास निळा असं आहे. खिडकीची वरची पट्टीच त्या रंगाची होते. चुकीच्या पेजवर पोस्ट पडते ती बहुतेक वेळा घाईत, आणि घाईत माणूस नाव वाचत नाही, रंग मात्र त्याला दिसतो. विंडोजवर प्रत्येक प्रोफाइलचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवता येतो. ब्राउझर सुरू झाला की मागच्या वेळचे टॅब उघडावेत अशी सेटिंग करून ठेवा, म्हणजे लाल खिडकी उघडली की हॉटेलचं इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि बाकीचं सगळं समोर तयार.

फायरफॉक्समध्ये कंटेनर नावाचं मोझिलाचंच एक एक्स्टेन्शन आहे. एकाच खिडकीत रंगीत टॅब, आणि प्रत्येक रंगाचा डबा वेगळा. दोन वर्षं मी तेच वापरलं. पण त्यात बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड सगळ्या रंगांना सामाईक राहतात. दोन अकाउंट्स असतील तर कंटेनर छान. तुमच्यासारख्या चार गिऱ्हाईकांना प्रोफाइलच बरं.

फेसबुकबाबत मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. तिथं माणसाचं वैयक्तिक अकाउंट एकच असावं असा नियम आहे, आणि त्याच अकाउंटवरून तुम्ही चारही पेज चालवता. म्हणजे ब्राउझरची प्रोफाइल कितीही वेगळी केली तरी आत शिरणाऱ्या तुम्ही एकच. म्हणून फेसबुकच्या साध्या पानावरून पोस्ट करायची सवय सोडा. मेटा बिझनेस सूट वापरा, म्हणजे पेज आणि इन्स्टाग्राम एकाच जागेवरून चालवायची फेसबुकवाल्या मेटा कंपनीची सोय. तिथं डावीकडे वर कुठला व्यवसाय निवडलाय ते दिसतं. लाल खिडकीत मिसळीचा व्यवसाय उघडा आणि त्याच पानाचा बुकमार्क करा. त्या पत्त्यात त्या पेजचा क्रमांक असतो, त्यामुळे पुढच्या वेळी तेच उघडतं. तरीही ‘पब्लिश’ दाबण्याआधी डाव्या कोपऱ्यातलं नाव एकदा वाचा. कमेंटला उत्तर देताना तर दोनदा वाचा, कारण पोस्ट आपण विचार करून टाकतो, पण कमेंट पटकन टाकून जातो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ती सांगतो. मालकांकडून पासवर्ड मागू नका. परवानगी मागा.

एका चप्पल दुकानाचं काम माझ्याकडे आलं ते आधीचा मुलगा सोडून गेल्यावर. इन्स्टाग्रामला नंबर त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्डही त्यालाच माहीत. 2025 च्या जूनमध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी पायताणं दिसली आणि देशभर चर्चा झाली, तेव्हा या दुकानाच्या अकाउंटवर बाहेरगावचे मेसेज येऊन पडत होते. कोल्हापुरी चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, लोक तेच विचारत होते, की तुमची खरी आहे ना, कुठं बनते, कुरिअरनं पाठवता का. आणि मालकांना स्वतःच्याच दुकानाच्या अकाउंटमध्ये शिरता येत नव्हतं. त्या मुलाच्या मनात वाईट नव्हतं, त्यानं फक्त सिमकार्ड बदललं होतं. अकाउंट परत मिळायला दोन आठवडे गेले. तोवर विचारणारे दुसरीकडे वळले.

म्हणून पेज मालकांच्या फेसबुक अकाउंटवर असू द्या, पूर्ण ताबा त्यांचा. त्यांनी तुम्हाला पोस्ट, मेसेज आणि जाहिरातीपुरती परवानगी द्यायची. इन्स्टाग्राम अकाउंट व्यावसायिक करून पेजला जोडलं की बिझनेस सूटमधूनच पोस्ट आणि मेसेज सांभाळता येतात, इन्स्टाचा पासवर्ड तुमच्याकडे असायची गरज नाही. क्लासचं यूट्यूब चॅनल असेल तर स्टुडिओच्या सेटिंगमध्ये परवानग्या आहेत. मावसभावानं तुमचा ईमेल एडिटर म्हणून घातला की झालं, त्याचं जीमेल तुमच्या लॅपटॉपवर उघडायचं कारण नाही. उद्या तुम्ही काम सोडलंत तर मालक एका क्लिकमध्ये तुमचं नाव काढतील.

व्हॉट्सॲपला अशी परवानगी नसते, तिथं जोडणीच करावी लागते. मुख्य फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात आणि प्रत्येक ब्राउझर प्रोफाइल एक उपकरण धरलं जातं. मुख्य फोन 14 दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात, हे जुना फोन कपाटात ठेवून देणाऱ्या मालकांना आधीच सांगा. आणि धंद्याचा नंबर वेगळा असेल तरच जोडा. घरच्या नंबरवर त्यांच्या घरातलं सगळं तुम्हाला दिसत राहील, ते दोघांनाही अवघड. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) ब्राउझरमधून पोस्ट वेळ लावून ठेवता येते, फक्त ब्राउझरमधला मसुदा मोबाईलवर दिसत नाही. इन्स्टाची रील लॅपटॉपवरून टाकता येते, पण चालू गाणं लावायचं असेल तर मोबाईलच हातात घ्यावा लागतो.

मराठी मजकुराचंही सांगतो, कारण लॅपटॉपवर आलं की हे हमखास होतं. छापखान्यातून पत्रकाचा मजकूर श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये येतो. तो कॉपी करून फेसबुकवर टाकला की चिन्हांचा नुसता काला होतो, कारण ती अक्षरं फक्त त्या फॉन्टमध्येच मराठी दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, बदलून मागा, किंवा सरळ स्वतः टाइप करा. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषेच्या सेटिंगमधून जोडा, मग विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

पोस्ट वेळ लावून ठेवणं हा ब्राउझरचा सगळ्यात मोठा फायदा. रविवारी दुपारी बसलं की आठवड्याचं काम होतं. पण यातच माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक आहे. 2021 च्या जुलैत एका कपड्यांच्या दुकानासाठी मी पावसाळी सेलच्या पोस्ट लावून ठेवल्या होत्या. पंचगंगेला पूर आला, आमच्याकडे लाईट गेली, फोन बंद पडला. सकाळी दहाला ठरल्याप्रमाणे पोस्ट गेली: ‘या पावसात चिंब व्हा खरेदीत!’ खाली कमेंट आल्या, आमच्या घरात पाणी आहे आणि तुम्हाला खरेदी सुचतेय. दुकानाच्या मालकीणबाईंचे स्वतःचे नातेवाईक शाळेतल्या छावणीत होते. मला ते दुसऱ्या दिवशी दिसलं. मी जाऊन माफी मागितली, पण त्या माउलीच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

लावलेली पोस्ट कंपनीच्या सर्व्हरवर असते. तुमचा लॅपटॉप बंद असो, गावात लाईट नसो, ती वेळेवर जातेच. 2023 च्या जूनमध्ये शहरात तणाव होता आणि इंटरनेट बंद केलं गेलं, तेव्हाही हीच अडचण. आपल्याला इथून काही करता येत नाही आणि पोस्ट मात्र जातात. तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडं सरकायला लागली की सगळ्या लावलेल्या पोस्ट मसुद्यात ओढतो, 43 ची धोका पातळी यायची वाट बघत नाही. आणि पुण्यात राहणाऱ्या माझ्या बहिणीला मालकांच्या संमतीनं प्रत्येक पेजवर परवानगी घेऊन ठेवलीय. माझा फोन लागला नाही तर ती पुण्यातून सगळं थांबवते. परवानगीची पद्धत असल्यामुळेच हे जमतं. पासवर्ड वाटत फिरलो असतो तर जमलं नसतं.

सुरक्षेबद्दल एवढं जरूर करा. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, सगळीकडे चालू ठेवा, शक्य तिथं एसएमएसऐवजी फोनवरच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवर, आणि फोन हरवला तर आत शिरायला लागणारे रिकव्हरी कोड कागदावर लिहून मालकांच्या कपाटात. तरीही एक वाट उघडी राहते. कुकीची ती खूण कोणी चोरली तर त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. 2023 च्या मार्चमध्ये लिनस टेक टिप्ससारखं मोठं यूट्यूब चॅनल असंच गेलं. स्पॉन्सरशिपच्या नावानं आलेली फाइल टीममधल्या एकानं उघडली आणि लॉग-इनच्या खुणा चोरीला गेल्या. मिसळीच्या पेजलाही ‘कोलॅबोरेशन’ म्हणून झिप फाइल येईल, ती उघडू नका. ‘तुमचं पेज कॉपीराइटमुळे बंद होणार’ असा मेसेंजरवर मेसेज येईल, त्यातल्या लिंकवर जाऊ नका. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवला असेल तर एक आधार मिळतो: पत्ता खोटा असला की ब्राउझर पासवर्ड आपोआप भरत नाही. नेहमी भरतो आणि आज भरत नाही, असं दिसलं की हात आखडता घ्या. एक्स्टेन्शन जितकी कमी तितकी बरी. ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ असं जे मागतं ते गिऱ्हाईकाच्या प्रोफाइलमध्ये नकोच. क्रोमच्या प्रोफाइलला कुलूप नसतं, घरातलं कोणीही दुसऱ्या रंगावर क्लिक करून आत जाऊ शकतं, म्हणून लॅपटॉपलाच पासवर्ड लावा आणि मुलांना वेगळा विंडोज यूजर करून द्या.

सगळं एका दिवसात करायला जाऊ नका. आधी मिसळ आणि तालीम ही दोन वेगळी करा, कारण सरमिसळ तिथंच झालीय. मिसळवाल्यांकडं सकाळी जाऊ नका, दुपारी तीननंतर गर्दी ओसरली की जा. परवानगी देण्याचं काम त्यांच्याच फोनवर, त्यांच्यासमोर बसून करून घ्या, आणि जमलं तर त्यांच्या मुलीलाही शेजारी बसवा, म्हणजे पुढच्या वेळी फोन बदलला तर घरात कोणाला तरी माहीत असेल. तालमीच्या पेजवर किती जण ॲडमिन आहेत ते मला कळवा. बहुतेक जुन्या कार्यकर्त्यांची नावं तशीच असतील, ती कशी आवरायची ते त्या आकड्यावर ठरेल.