चोवीस तासांचा कॅन आणि साडेबत्तीस तासांची लघवी

ऐरोलीच्या ताईंनी आपल्या आईविषयी लिहिले आहे की वय ६६ आहे, पंधरा दिवसांत रक्तातले क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा, किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) १.१ वरून १.३ झाले, रिपोर्टवर इजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ४५ दाखवला आहे, रक्त दिले तेव्हा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या चालू होत्या आणि आता डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी जमा करून क्लिअरन्स काढायला सांगितला आहे. भरपूर पाणी पाजले तर किडनी धुऊन निघेल का, असेही त्यांनी विचारले आहे. सहा वर्षांपूर्वी चरईतल्या आमच्या घरी वडिलांच्या बाबतीत नेमके हेच चालले होते, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवत असे. गोळ्यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच असू द्या.

किडनीची रचना इथे सर्वांना माहीत आहे असे धरते. मात्र 'क्लिअरन्स' या शब्दाचा अर्थ मला फार उशिरा कळला, आणि तो आधी कळला असता तर पुढचा प्रसंग टळला असता. दोन्ही मूत्रपिंडांतून मिनिटाला साधारण एक लिटर रक्त जाते आणि निरोगी तरुण माणसात त्यातला सुमारे १२० मिलिलिटर द्रव गाळला जातो. दिवसाचा हिशेब १७०-१८० लिटरवर जातो, पण त्यातला जवळजवळ सगळा द्रव किडनीतल्या बारीक नलिका परत रक्तात शोषून घेतात आणि लघवी होते ती दीड लिटरच्या आसपास. एखाद्या पदार्थाचा क्लिअरन्स म्हणजे, मिनिटाभरात तो पदार्थ जेवढा लघवीत उतरला, तेवढा रक्तद्रवाच्या किती मिलिलिटरमध्ये होता, ते माप. प्रत्येक पदार्थाचे हे माप वेगळे असते. साखर गाळली जाते पण सगळी परत घेतली जाते, म्हणून निरोगी माणसात तिचा क्लिअरन्स शून्य असतो. युरियाचा बराच भाग परत जातो. पेनिसिलिन तर गाळले जातेच, शिवाय नलिका ते रक्तातून ओढून लघवीत टाकतात, आणि ते इतक्या वेगाने बाहेर पडते की १९४१ मध्ये ऑक्सफर्डला औषध अपुरे पडल्यावर रुग्णाच्या लघवीतून ते परत मिळवून त्यालाच दिले गेले होते.

क्रिएटिनिन मुख्यतः गाळले जाते, म्हणून त्याच्या क्लिअरन्सवरून गाळण्याच्या वेगाचा अंदाज घेतात; थोडेसे मात्र नलिकाही बाहेर टाकतात. तुमच्या बाबतीत हा 'थोडेसे' भाग महत्त्वाचा आहे. कोट्रायमॉक्साझोलमधला ट्रायमेथोप्रिम हा घटक नलिकांचे तेवढे काम अडवतो, त्यामुळे गाळण्याचा वेग तसाच असूनही रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसू शकते. आईंचे तसेच झाले असेल असे मी म्हणत नाही, कारण संसर्गानेही किडनीला त्रास होतो आणि याच गोळीने पोटॅशियमही वाढू शकते. पण रक्त नेमके गोळ्या चालू असताना दिले होते, हे डॉक्टरांना तारखांसह सांगा. माझ्या मते कोर्स संपल्यावर पुन्हा रक्त तपासल्याशिवाय या १.३ वर फार मोठे निष्कर्ष काढू नयेत.

आता आमची चूक. बाबांचे वय तेव्हा ७१, वजन ६० किलो, क्रिएटिनिन १.४. नागीण बरी झाल्यावरही कमरेपासून पोटापर्यंतची आग थांबत नव्हती, म्हणून प्रीगॅबालिन १५० ची गोळी दिवसातून दोनदा सुरू होती. हे औषध जवळजवळ जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे क्रिएटिनिनचा क्लिअरन्स मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली असेल तर डोस साधारण निम्मा करतात. डॉक्टरांना तेवढ्यासाठीच नेमका आकडा हवा होता. मी संध्याकाळी लॅबमधून पाच लिटरचा पांढरा कॅन आणला. सोबत इंग्रजीत छापलेली तीन ओळींची चिठ्ठी होती, तीही वाहनाच्या पावतीसारखी पुसट. मी कॅन मोरीजवळ ठेवला आणि 'आता यातच करा' एवढेच सांगितले. बाबांनी रात्री दोनची लघवी त्यात टाकली, सकाळी साडेसहाची टाकली, दिवसभराची टाकली आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची साडेसहाचीही टाकली. आदल्या रात्री दहाला मूत्राशय रिकामे केल्यानंतर जे जे साठले, ते सगळे कॅनमध्ये होते, म्हणजे साडेबत्तीस तासांची लघवी. काउंटरवरच्या माणसाने 'चोवीस तासांची आहे ना?' एवढे विचारून लेबल चिकटवले.

रिपोर्ट आला: २००० मिलिलिटर, क्रिएटिनिन डेसिलिटरला (म्हणजे १०० मिलिलिटरला) ६४ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण १२८० मिलिग्रॅम. १४४० मिनिटांनी भागून आणि रक्तातल्या १.४ शी हिशेब लावून क्लिअरन्स निघाला ६३.५. साठच्या वर आहे म्हणून डोस तसाच राहिला. बाबा दिवसा पेंगू लागले, उठताना भिंतीला हात लावू लागले, आणि आम्ही ते वयावर ढकलले. तेराव्या रात्री ते बाथरूमच्या उंबऱ्याशी पडले आणि उजवे मनगट मोडले.

नंतर ज्या नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी रिपोर्ट हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "कॅनमधली पहिली लघवी किती वाजताची?" मग त्यांनी १२८० ला ६० ने भागून दाखवले. किलोमागे २१ मिलिग्रॅम क्रिएटिनिन धडधाकट तरुण पुरुषाच्या लघवीत सापडते, सत्तरी ओलांडलेल्या कृश माणसाच्या नाही. पुन्हा नीट जमा केल्यावर १५०० मिलिलिटर, ६३ मिलिग्रॅम, एकूण ९४५ आणि क्लिअरन्स ४७ आला. डोस निम्मा झाला आणि आठवड्याभरात बाबा पुन्हा वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचू लागले. त्या लॅबमध्ये मी दोन्ही रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा 'आकडा मशीनचा आहे' असे उत्तर मिळाले. मशीनने लघवीतले क्रिएटिनिन बरोबरच मोजले होते. चुकली होती ती वेळ, आणि ती विचारणे काउंटरचे काम होते. ज्या तपासणीत अर्धे माप घड्याळाचे आहे, तिच्यात सुरुवातीची वेळ लिहायला जागाच ठेवायची नाही, याचा मला आजही संताप येतो.

तेव्हा ताई, आई सकाळी उठल्यावरची पहिली लघवी कमोडमध्ये जाऊ द्या आणि ती वेळ कॅनवर पेनने लिहा. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची लघवीही कॅनमध्ये. एखादी वेळ चुकून फ्लश झाली तर तसे लॅबला सांगून दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करा, अंदाजाने भर घालू नका. शौचाच्या वेळी लघवी जमा करायचे हटकून विसरते, त्यासाठी वेगळा मग ठेवा. आपल्याकडच्या उकाड्यात कॅन फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या टबात ठेवा. रिपोर्ट आल्यावर एकूण मिलिग्रॅमला वजनाने भागा. स्त्रियांमध्ये ते किलोमागे साधारण १५ ते २० असते आणि वयानुसार त्याहून कमी. फारच वर किंवा फारच खाली आले तर आधी घड्याळावर संशय घ्या.

पाण्याबद्दल म्हणाल, तर दीड लिटरऐवजी तीन लिटर लघवी झाली तरी तिच्यातले क्रिएटिनिन तेवढेच पातळ होते, आणि ९४५ मिलिग्रॅम ९४५ च राहतात. शरीर कोरडे पडू देऊ नये हे खरेच, पण जास्तीचे पाणी पाजून किडनी धुतली जात नाही, आणि पायांवर सूज किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते बाधते. त्यापेक्षा आई गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी घेतात का, ते आजच विचारून घ्या. अशा बऱ्याच गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि आमच्या बाबांच्या उशीखाली एक पाकीट सापडले होते.