धूर मारूनही गावातले डास का हटत नाहीत?

तुम्ही विचारलंय की ग्रामपंचायत दर पावसाळ्यात धूरफवारणी करते, तरी डेंग्यू-हिवतापाचे पेशंट निघतातच, मग औषधाशिवाय काय करता येईल? मी काही वर्षं आरोग्यसेवक म्हणून घरोघर अळ्या शोधत फिरलोय, त्यावरून सांगतो.

धुरानं उडते डास मरतात. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठ-दहा दिवसांत नवी फौज तयार. म्हणून आधी पाणी शोधा. गटाराच्या घाण पाण्यात क्युलेक्स जातीचा डास होतो, त्यानं हत्तीरोग पसरतो. हिवतापाच्या ॲनॉफिलिसला ओढ्याचं, विहिरीचं, टाकीचं स्वच्छ पाणी लागतं. डेंग्यूचा एडिस मात्र तुमच्या घरातच वाढतो: रांजण, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, परसातलं टायर.

जिथं नळाला आठवड्यानं पाणी येतं तिथं 'पाणी साठवू नका' असं सांगणं मला कधीच पटलं नाही. बायाबापड्यांनी रांगेत उभं राहून भरलेलं पाणी ओतायला कुठल्या तोंडानं सांगायचं? ते कापडानं गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या आणि अळ्या कोरड्या मातीत टाका, गटारात नको. मग रांजण आतून खसाखसा घासा. बहुतेक जण इथंच चुकतात. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. नुसतं पालथं घातलेलं भांडं पुन्हा भरलं की त्यातूनच अळ्या निघतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा तो यासाठीच.

सांडपाण्यासाठी शोषखड्डे करा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे करून डासांना चांगलाच आळा घातला. रोजगार हमीतून हे काम होतं, ग्रामसभेत मागणी लावून धरा. खड्ड्याआधी गाळ बसायला छोटी टाकी हवी आणि ती वेळोवेळी उपसायला हवी, नाहीतर खड्डा तुंबतो.

अळ्या खाणारे गप्पी मासे वापरात नसलेल्या विहिरीत, हौदात सोडा. ओढ्या-नदीत मुळीच नको, तिथल्या मूळ माशांना ते त्रासदायक ठरतात.

आणि संडासाच्या टाकीचा व्हेंट पाइप, म्हणजे वायू बाहेर सोडणारी नळी, बघा. तो उघडा असेल तर टाकीत वाढलेले डास तिथूनच बाहेर पडतात. नायलॉनच्या जाळीचा तुकडा घट्ट बांधला तरी पुरतो.