आईला स्तनाचा कर्करोग झाला आहे. आधारगटात जाण्याचा खरोखर काही उपयोग होतो का?

उपयोग होतो, मात्र तो नेमका कोणता हे आधी समजून घ्यावे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, आजार शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांच्या अभ्यासात गटोपचार (तज्ज्ञांच्या मदतीने रुग्णांनी एकत्र बसून मन मोकळे करणे) घेणाऱ्या स्त्रिया अधिक काळ जगल्याचे दिसले आणि त्यातून मोठी आशा निर्माण झाली. परंतु कॅनडातील २३५ स्त्रियांवर झालेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. मात्र त्याच चाचणीत गटातील स्त्रियांचे मानसिक क्लेश आणि वेदनेची जाणीव कमी झाली, आणि सुरुवातीला ज्यांना अधिक त्रास होता त्यांना अधिक लाभ झाला. माझ्या मते एवढे कारण पुरेसे आहे.

म्हणून ‘सकारात्मक राहा, म्हणजे बरी होशील’ असे आईला कृपया सांगू नका, कारण आजार बळावल्यास तो आपल्याच मनाचा दोष आहे असे तिला वाटू लागते. केस गळणे, स्तन गमावणे, नातेवाइकांपासून आजार लपवावा लागणे यांविषयी ती घरात बोलणार नाही कदाचित. त्याच वाटेने गेलेल्या बाईशी मात्र मोकळेपणाने बोलेल. उपचार जिथे चालू आहेत तेथील वैद्यकीय समाजसेवा विभागात अशा गटाची चौकशी करा. केमोथेरपीच्या दिवशी कोणीतरी सोबत असणे आणि घरकाम वाटून घेणे हाही आधारच आहे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, किंवा जगणे नकोसे झाल्याचे ती एकदा जरी बोलली, तर विलंब न करता मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्या.