गोष्ट फेरीबोटीत सांग

अनेक आशीर्वाद.

कळंगुट-बागाला उतरलेल्या पाहुण्यांना जुने गोवे, दिवाडी बेट आणि नार्वे अशी पायवाट दाखवायचा तुझा बेत चांगला आहे. आग्वादच्या किल्ल्यावर माणसे आपापली पोहोचतात; नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळात कुणीतरी न्यावेच लागते. मात्र पैसे घेण्याआधी पर्यटन खात्याकडे गाईड म्हणून नोंदणी कर. १९८२ च्या कायद्याने ती लागते.

आधी वाट दोनदा एकट्याने चालून घड्याळ लाव आणि लागलेल्या वेळात निम्मा वेळ मिळव. तुझ्या पायांचा वेग पाहुण्यांचा नसतो. गटात बारापेक्षा जास्त माणसे घेऊ नकोस. तेराव्याला तुझा आवाज पोहोचत नाही आणि तो मागे कुणाच्या तरी बाल्कांवाचे (घरापुढच्या बैठकीच्या ओसरीचे) फोटो काढत बसतो. ते बाल्कांव म्हणजे राहते घर आहे, हे निघतानाच सांग.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर सकाळी सातला जमा. फेरीबोटीत चालणाऱ्याला तिकीट नाही. फळी टेकली की आधी गाड्या उतरू देत, मग कडेने चढा. घोळक्याने मध्ये उभे राहिलात की चालक ओरडतो, आणि त्याचे बरोबर असते. एक फेरी चुकली तर पुढचे सगळे वेळापत्रक घसरते आणि खाजनातला (नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीतला) पट्टा नेमका उन्हात चालावा लागतो. तिथे बांधावर सावली नाही. माणशी दीड लिटर पाणी सांग, टोपी सांग. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते, तेव्हा चपला नकोत.

दिवाडीवरच्या पिएदादच्या टेकडीवर फार रेंगाळू नका. तिथल्या कब्रस्तानातल्या कपेलात (छोट्या प्रार्थनाघरात) कदंब राजांच्या काळातल्या देवळाचा भाग वापरलेला दिसतो, तेवढे बघा, आत कुणाचा विधी चालू असेल तर तेही सोडा.

खरा मुद्दा पलीकडच्या फेरीचा. दिवाडी आणि नार्वे यांच्यामधली नदी सोळाव्या-सतराव्या शतकात सरहद्द होती: अलीकडे पोर्तुगिजांची तिसवाडी, पलीकडे डिचोली महाल. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंबांचे कुलदैवत (गोव्याच्या सरकारी बसवर नाव आहे, तेच कदंब). त्यांच्या नाण्यांवर त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख येतो. मूळ देऊळ दिवाडीवर. बहामनी काळात ते मोडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पुन्हा पाडले, आणि लिंग नदीपार नार्व्याला नेले गेले. हे सगळे बोटीतच सांग. दोन्ही काठ एकदम दिसतात, तेव्हा नकाशा काढावा लागत नाही. देवळात पोहोचून सांगायला लागलास की लोक दीपमाळेचे फोटो काढतात आणि तुझे शब्द वाऱ्यावर जातात.

देवळात एकच गोष्ट नीट दाखव: दारावरचा शिलालेख. शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, ‘श्रीशिवराज्ञा’ (म्हणजे शिवराजाने), आणि शेवटी ‘प्रारंभः’. शक इसवी सनात आणायला ७८ मिळव. पौषाच्या पुढे जानेवारी आला की ७९. कार्तिक म्हणजे ७८, म्हणून १६६८. लेखात काम सुरू केल्याचे लिहिले आहे, पुरे झाल्याचे नाही. ‘शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देऊळ बांधले’ असे ठोकून देऊ नकोस; पाहुण्यांत एखादा मास्तर असतोच. लिंग पैलूदार आहे, त्याला धारालिंग म्हणतात. गर्भगृहात फोटो काढायचा की नाही हे पुजाऱ्यांना विचारून मगच.

गोकुळाष्टमीला नार्व्याला पंचगंगेच्या स्नानाला मोठी गर्दी असते. तो दिवस बघायला एकट्याने जा, गट नेऊ नकोस.

परतीची गाडी नार्व्याच्या बाजूलाच उभी राहू दे. डिचोली-म्हापशावरून कळंगुटला येते. फेरीने उलटे जाण्याची वेळ आली तर शेवटची बोट कितीची, हे सकाळीच धक्क्यावर विचारून ठेव.

तुझा,
काका