कसोटी कशाची?

प्रश्न : सैन्यातील लढाऊ विभाग स्त्रियांना खुले केले की शारीरिक कसोट्या सौम्य कराव्या लागतात आणि त्यामुळे तुकडीची क्षमता घटते, असे ऐकतो. यात तथ्य किती? – एक वाचक

उत्तर : या वादात दोन वेगळ्या चाचण्यांची गल्लत होते. सर्वसाधारण तंदुरुस्तीच्या चाचणीत वय आणि लिंग पाहून गुण देण्याची पद्धत अनेक सैन्यांत आहे. पन्नाशीच्या पुरुषालाही तिथे सवलत मिळते आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. प्रत्यक्ष कामाची चाचणी मात्र निराळी. जखमी साथीदाराला चिलखतासकट ओढत आडोशाला न्यायचे असेल, तर ओढणारी स्त्री आहे म्हणून त्याचे वजन कमी होत नाही. ही सीमारेषा नेहमीच पाळली गेली असे नाही : अमेरिकी भूदलाने २०२२ मध्ये लढाईतील कामांशी जोडलेल्या नव्या तंदुरुस्ती चाचणीचे गुण वय व लिंगानुसार वेगळे केले, त्यावर टीका झाली आणि २०२५ मध्ये लढाऊ शाखांसाठी स्त्री-पुरुषांना एकच तक्ता लावण्यात आला.

शरीराच्या वरच्या भागातील ताकदीत सरासरी फरक आहे आणि खडतर प्रशिक्षणात हाडांना बारीक तडे जाण्याचे प्रमाण स्त्रियांत अधिक आढळते, हे मान्य करायलाच हवे. त्यामुळे पायदळात पात्र ठरणाऱ्या स्त्रिया थोड्याच असतील. पण भरती सरासरीची होत नाही, माणसाची होते. अमेरिकी भूदलाच्या ‘रेंजर’ या अतिखडतर लढाऊ प्रशिक्षणात एप्रिल २०१५ मध्ये १९ स्त्रिया उतरल्या. त्यांपैकी दोघी ऑगस्टमध्ये आणि एक ऑक्टोबरमध्ये, काही टप्पे पुन्हा करून, उत्तीर्ण झाल्या. टप्पे पुन्हा करणे तिथे पुरुषांनाही चुकत नाही. नॉर्वेने तर पाणबुड्यांसह सर्व विभाग १९८५ मध्येच खुले केले होते.

साधनांकडे मात्र या चर्चेत फारसे कोणी पाहत नाही. पुरुषाच्या धडाच्या मापाने केलेले चिलखत लांब पडले, तर बसताना खालची कड मांडीला अडते आणि वरची गळ्याशी येते. पालथे पडून नेम धरताना मागच्या अंबाड्याने शिरस्त्राण पुढे ढकलले जाऊन डोळ्यांवर उतरते. १९४२ मध्ये रात्री बॉम्बफेक करणाऱ्या सोव्हिएत स्त्री-वैमानिकांना पुरुषांचे बूट मिळाले, तेव्हा त्यांनी त्यांत चिंध्या कोंबल्या आणि लाकूड-कापडाची विमाने उडवली. कसोटी एकच ठेवायची असेल, तर उमेदवाराला बसणारे बूट आणि चिलखत देऊनच ती घ्यावी लागेल. नाहीतर मोजली जाते ती ताकद नसून मापातली चूक.